‘घटनेनंतर शस्त्र साफ केले होते काय?’

दगा दिलेल्या एका काडतुसामुळे माझ्या रायफलीची नळी आतून फुगली, तेव्हा त्या काडतुसांच्या आयातदाराने ई-मेलने पाठवलेल्या तक्रार-अर्जात एकूण बावीस प्रश्न होते आणि त्यातला चौदावा असा होता : ‘घटनेनंतर शस्त्र साफ केले होते काय? होय अथवा नाही.’ मी प्रामाणिकपणे ‘होय’वर खूण केली. पुढचे सहा महिने जे काही झाले, किंवा खरे म्हणजे झालेच नाही, त्याचे मूळ त्या एका खुणेत होते. आता सगळे मिटले असले तरी तो प्रश्न आठवला की डोके तापते, म्हणून हा अनुभव लिहून ठेवत आहे.

मी इंदूरचा, नोकरी बँकेत, आणि गेली नऊ वर्षे .२२ रायफलीने ५० मीटरवर पालथे पडून नेमबाजी करणारा हौशी नेमबाज. या अंतरावरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. त्यामुळे काडतुसांच्या बाबतीत आम्ही सगळेच जरा सोवळे पाळणारे असतो. एका लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेली, काडतुसे रायफलीला मानवली की शक्यतो त्याच लॉटची पाचशे, हजार एकदम घेऊन ठेवायची, हा आमचा रिवाज. ज्या काडतुसांनी दगा दिला तीदेखील अशीच, नावाजलेल्या परदेशी कारखान्याची आणि रीतसर परवान्यावर नोंद करून घेतलेली होती.

त्या रविवारी सरावाची साधारण तिसावी गोळी झाडली, तेव्हा नेहमीच्या टणक आवाजाऐवजी ‘फट्’ असा दबका आवाज आला आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या पडद्यावर काहीच उमटले नाही. मला वाटले, सेन्सरने घात केला. मी बोल्ट, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणारा दांडा, मागे ओढला, रिकामी पुंगळी (काडतुसाचे कवच) बाहेर पडली, पुढचे काडतूस सारले आणि झाडले. या वेळी धक्का किंचित जास्त जाणवला आणि नेम लक्ष्याच्या काठावर गेला. त्यानंतर मात्र कितीही सावरले तरी गोळ्या एका जागी पडेनात.

जे घडले ते नेमबाजांच्या ऐकण्यात असते, पण आपल्यावर येईपर्यंत कोणी ते मनावर घेत नाही. या जातीच्या काडतुसात पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या काठात भरलेले असते. दारू कमी पडली किंवा पडलीच नाही, तर ते मिश्रण एकट्याच्या जोरावर शिशाची सुमारे २.६ ग्रॅमची गोळी नळीत ढकलते आणि ती मध्येच रुतून बसते. मागून पूर्ण दाबाने आलेली दुसरी गोळी तिच्यावर आदळते, त्या जागी दाब एकाएकी चढतो आणि पोलाद आतून कड्यासारखे फुगते. युरोपीय प्रमाणाप्रमाणे या काडतुसाचा कमाल दाब १,७०० बार धरतात आणि नळी तेवढा दाब वर्षानुवर्षे सहज पेलते, पण अडथळ्यावर एकवटलेल्या दाबाचा हिशेब त्यात नसतो. माझ्या रायफलीत हे कडे नळीच्या तोंडापासून साधारण बारा सेंटिमीटरवर पडले होते. सळईला घट्ट कापड लावून ते आतून सारताना तेवढ्या बोटभर जागेत हात अचानक हलका पडे आणि पुढे पुन्हा जड होई.

आणि हे मला कळले कधी, तर घरी येऊन रायफल साफ करताना! नऊ वर्षांची सवय, हात आपोआप चालले. म्हणून सर्वांत आधी सांगायची गोष्ट ही, की आवाज दबका आला तर दुसरे काडतूस घालू नये, रायफलीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून थोडे थांबावे, मग बोल्ट काढून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या, बाजूने नळीतून उजेड दिसतो का ते पाहावे. आणि काहीही नुकसान झाल्याचा संशय असेल तर नळीला कापडही लावू नये. दबक्या आवाजाची ती एक पुंगळी मला रेंजच्या डब्यातून शोधून काढता आली, हे माझे नशीब. ती बाहेरून काळवंडलेली होती, कारण पुरेसा दाब नसला की पुंगळी चेंबरला नीट चिकटत नाही आणि धूर तिच्या अंगावरून मागे येतो. बाकीच्या पुंगळ्या स्वच्छ पिवळ्या होत्या. त्या एका पुंगळीने पुढे फार काम केले.

परवानाधारक कारागिराकडे रायफल देणे, त्याच्या नोंदवहीत क्रमांक चढवून पावती घेणे, परवाना देणाऱ्या कार्यालयाला घटनेचे लेखी कळवणे या गोष्टी आठवडाभरात उरकल्या. सरकारी पायरीवर अडेल असे वाटले होते, तिथे काहीच अडले नाही; अर्ज घेतला, पोच दिली, एवढेच.

अडले ते आयातदाराकडे. अर्ज पाठवल्यावर तीन आठवड्यांनी उत्तर आले, की शस्त्र साफ केलेले असल्यामुळे नळीत आधीपासून तेल किंवा कापडाचा तुकडा नव्हता हे आता सिद्ध होऊ शकत नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. मी पुंगळीची छायाचित्रे पाठवली. त्यावर उत्तर आले, की फायरिंग पिनचा, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या खिळीचा, मार हलका बसला असावा. मग कारागिराने दहा पुंगळ्यांवरचे पिनचे ठसे शेजारी शेजारी ठेवून छायाचित्र काढले. सगळे सारख्याच खोलीचे होते. ते पाठवल्यावर दीड महिना शांतता, आणि मग एक नवीनच मागणी : त्याच लॉटची न वापरलेली किमान पन्नास काडतुसे आणि रायफल तपासणीसाठी परदेशातल्या कारखान्याकडे पाठवावी, त्याशिवाय कारखाना विचार करणार नाही.

वाचणाऱ्याला यात काही वावगे वाटणार नाही; कारखान्याने वस्तू पाहायला मागितली, यात चूक ती काय? पण काडतुसे टपालाने जात नाहीत, कुरियरवाला त्यांचे नाव काढताच फोन ठेवतो, आणि त्यांची वाहतूक स्फोटक वर्गातला माल म्हणून, त्या त्या परवानगीनेच करावी लागते. रायफल देशाबाहेर पाठवायची तर त्याचा परवाना वेगळा. हे सगळे ज्याच्या धंद्याचा रोजचा भाग आहे तो आयातदार मला, एका बँकेतल्या कारकुनाला, ‘आपल्या स्तरावर व्यवस्था करावी’ असे लिहितो! मी लिहिले की तुम्ही आयात करता, तर परत पाठवण्याची सोयही तुम्हीच करा. त्यांनी लिहिले की आमची जबाबदारी विक्रीपर्यंत. मी कारखान्याला लिहिले, तर त्यांनी विनयपूर्वक कळवले की भारतातल्या ग्राहकांनी भारतातल्या आयातदाराशी संपर्क साधावा. असे हे चक्र चार वेळा फिरले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तोच बावीस प्रश्नांचा अर्ज, आणि दर वेळी मी चौदाव्या प्रश्नाशी येऊन थांबायचो. खोटे लिहावे असे एकदा मनात आले होते, हे कबूल करतो. बायकोने कागद काढून घेतला.

मधल्या काळात त्यांच्या प्रतिनिधीने फोनवर एक तोडगाही सुचवला : कडे तोंडाजवळच आहे, तेवढा तुकडा कापून नळीचे तोंड नव्याने घासून घ्या, रायफल पहिल्यासारखी चालेल. तांत्रिकदृष्ट्या हे खोटे नाही, परदेशात असे करतात. परंतु आपल्याकडे बंदुकीची नळी विनापरवाना आखूड करणे हा १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ खालचा गुन्हा आहे, आणि हे काडतुसे विकणाऱ्या माणसाला ठाऊक नसावे यावर माझा विश्वास बसत नाही. असा सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडून तो लेखी मागावा. मी मागितला, फोन पुन्हा आला नाही.

गाठ सुटली ती दोन माणसांमुळे. पहिले, महूचे एक निवृत्त सुभेदार, ज्यांनी अख्खी नोकरी शस्त्रे दुरुस्त करण्यात घालवली. आमच्या रेंजवर त्यांना सगळे काका म्हणतात. मी माझी फाइल त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी चष्मा चढवून पाच मिनिटे पाहिली आणि विचारले, “अहो, त्यांना तुमची काडतुसे कशाला हवीत? चांगला कारखाना प्रत्येक लॉटचा नमुना स्वतःकडे राखून ठेवतो. त्यांना म्हणावं, तुमच्याच कपाटातली काढा, झाडून बघा आणि आकडे पाठवा.” पाच महिन्यांत हे मला कोणीही सांगितले नव्हते आणि मलाही सुचले नव्हते. परदेशात काडतुसांचे लॉट परत मागवले जातात ते लॉट क्रमांकावरूनच. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीने .२२च्या काडतुसांचे दोन लॉट, त्यात दुप्पट दारू भरली गेली असण्याची शक्यता सांगून, क्रमांक जाहीर करून परत मागवले होते.

इथे लॉट क्रमांकाबद्दलचा धडा राहून गेला होता, तो सांगतो. काडतुसे पन्नासच्या डब्यांत येतात आणि क्रमांक डबीवर असतो. मी सोयीसाठी ती प्लॅस्टिकच्या पेटीत ओतून डब्या रद्दीत दिल्या होत्या. माझ्याबरोबर त्याच दिवशी त्याच खोक्यातली काडतुसे घेतलेल्या मित्राकडे दोन डब्या शिल्लक होत्या, आणि बिलावरही क्रमांक होता, म्हणून निभावले. डबी टाकू नये, शेवटचे काडतूस संपेपर्यंत.

दुसरा माणूस म्हणजे स्नेहनगरमधला माझा आतेभाऊ, जो वकिली करतो आणि एरवी माझ्या या छंदाची टिंगल करतो. त्याने २०१९चा ग्राहक संरक्षण अधिनियम उघडून दाखवले, की सदोष उत्पादनामुळे झालेली ‘हानी’ म्हणजे त्या उत्पादनाचे स्वतःचे नुकसान नव्हे, तर दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान. आपल्या बाबतीत उत्पादन काडतूस आणि मालमत्ता रायफल, म्हणजे व्याख्या नेमकी बसते. त्याहून महत्त्वाचे कलम ८६ : उत्पादक भारतीय कायद्याच्या कक्षेत येत नसेल, तर विक्रेत्यावर दायित्व येऊ शकते. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. तो म्हणाला, “दादा, तू सहा महिने विनंत्या करतोयस. एकदा कलमं लिहून बघ.”

मग आम्ही दीड पानाचे एकच पत्र लिहिले. वरच्या अर्ध्या भागात पुंगळी, पिनचे ठसे, लॉट क्रमांक आणि राखीव नमुन्यांची चाचणी करून दाबाचे व वेगाचे आकडे देण्याची मागणी. खालच्या अर्ध्या भागात कलमे आणि तीस दिवसांची मुदत. चौदाव्या प्रश्नाबद्दलही स्पष्ट लिहिले, की होय, साफ केले होते, आणि काळवंडलेली पुंगळी साफ केलेली नाही. नोंदणीकृत टपालाने एक प्रत आयातदाराला, ई-मेलने दुसरी कारखान्याला.

उत्तर एकोणिसाव्या दिवशी आले, आणि या वेळी थेट कारखान्याकडून. राखीव नमुने प्रमाणात आढळले, असे त्यात म्हटले होते. आकडे दिले नव्हते. ‘दायित्व मान्य न करता, ग्राहकाशी असलेल्या संबंधांचा मान राखून’ नव्या नळीची किंमत आणि पाचशे काडतुसे देण्याची तयारी दाखवली होती. आतेभावाचे मत होते की आकडे मिळेपर्यंत भांडावे. मी सही करून टाकली. हंगाम तोंडावर होता आणि माझ्यात दम उरला नव्हता. यात फार शौर्य नाही, हे मलाही कळते.

सही करण्यापूर्वी मी एक गोष्ट विचारून घेतली नाही, ती इतरांनी विचारावी. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच असतात, त्यामुळे नळी आयात करायलाही परवाना लागतो, आणि मान्य केलेल्या किमतीत तो खर्च व तो वेळ धरलेला नव्हता. भरपाईची पाचशे काडतुसेही फुकट मिळाली म्हणून नोंदीतून सुटत नाहीत. ती परवान्यावर चढतात आणि वर्षाच्या कोट्यातून वजा होतात. त्या पाचशेंचा लॉट वेगळा आहे. नळी अजून यायची आहे, तोवर मित्राच्या रायफलीने, त्याच्या देखरेखीखाली, आठवड्यातून एकदा सराव करतो आणि प्रत्येक गोळीनंतर आवाज ऐकून मगच बोल्टला हात लावतो. मित्र वैतागतो, कारण माझ्या साठ गोळ्यांना आता दीड तास लागतो.