एकच कातळ, दोन माती

आषाढी वारीत दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. चढ सुरू झाला की टाळ-मृदंगाचा ठेकाही वाढतो. मी भूगोल शिकवतो, त्यामुळे माझी नजर रस्त्यासाठी कापलेल्या दरडीकडे वळत राहते. तिथे कातळाचे थर एकावर एक बसलेले दिसतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, निवला आणि त्यावर पुन्हा पसरला. दख्खनच्या पठारावर अशा दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी लाल मातीचा पट्टा सापडतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळातसुद्धा हवा-पाण्याने कातळ कुजवायला सुरुवात केली होती!

वर्गात आम्ही शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण यांचे वेगवेगळे धडे घेतो. मला ती पद्धत पटेनाशी झाली आहे, आणि त्याचं कारण ही वाट आहे.

नीरेच्या काठी पादुकांना स्नान घालतात तेव्हा आभाळ बहुधा नुसतं भरून आलेलं असतं. लोणंद, तरडगाव, फलटण असं पूर्वेला चालत जावं तसा पाऊस विरळ होत जातो. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प सह्याद्रीला अडून वर चढतं, गार होतं आणि घाटमाथ्यावर कोसळतं. तोच वारा पलीकडे उतरताना तापतो, कोरडा होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, फलटणला जेमतेम 500. मध्ये अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही.

दिंडीतल्या एका शेतकरी आजोबांनी बांधावरची माती उकरून मुठीत दाबली.

"माउली, वरून भिजलीय नुसती. खाली कोरडी ठणठणीत. पेरून उपयोग नाही."

त्या मातीत पांढरे खडे होते. मी विचारलं, हे कुठून आले?

"चुनखडी. आमच्याकडंबी हाय. कुठून आली ते तुम्ही सांगा, मास्तर."

मग बरडच्या मुक्कामापर्यंत आमचं तेच बोलणं चाललं. पाऊस पडताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो. मातीत शिरल्यावर मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातून त्यात आणखी भर पडते. ते पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि काळ्या कातळातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवून घेतं. महाबळेश्वरला पाऊस इतका आहे की सुटलेलं सगळं धुऊन जातं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. म्हणून तिथे माथ्यावर लाल जांभा. इकडे पाणी कमी पडतं, कॅल्शियम वाहून न जाता मातीतच चुन्याचे खडे होऊन बसतं. उरलेली चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून फाटते. कातळ तोच, पण आभाळ वेगळं, म्हणून माती वेगळी. आणि मातीप्रमाणे तिथे जांभळाचं रान, इथे बाजरी.

आजोबा म्हणाले, "म्हणजे वापसा यायला हवाबी लागते, पाणीबी लागतं, ते ह्याच्यामुळंच." अगदी बरोबर. वापसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची. पाण्याने गच्च भरलेल्या मातीत मुळांचा जीव गुदमरतो, कोरडीत सुकतो.

माणूस यात कुठे बसतो, हे नीरेच्या कालव्याखालच्या शिवारात कळतं. कालव्याचं पाणी आलं, बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला, घरं सुधारली. पण जिथे पाणी बेसुमार दिलं आणि निचऱ्याची सोय नव्हती, तिथे भूजल वर आलं. पाणी उन्हाने उडून गेलं, क्षार वरच राहिले. अशी खारवट रानं पाहिली की पोटात कालवतं. पाणी आणताना मातीला विचारलंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. चर काढून निचरा केला तर अशी जमीन सुधारते, पण त्याला वर्षं जातात आणि पैसाही लागतो.

पंढरपुरात चंद्रभागेचं पाणी गढूळ होतं. ही भीमाच, नीरा तिला वरच नरसिंगपूरला मिळालेली असते. भीमा पुढे कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात जाते. अरबी समुद्रातून उठलेलं पाणी असं दुसऱ्या समुद्राला पोचतं आणि सोबत आमच्या कातळातलं कॅल्शियम नेतं. समुद्रातले जीव त्याची कवचं करतात, कवचं तळाशी साचून चुनखडक बनतात, आणि हवेतला कार्बन त्यात अडकून राहतो. लाखो वर्षांच्या हिशोबात पृथ्वीचं तापमान आवाक्यात राहिलं, त्यात या झिजेचा मोठा वाटा आहे.

"आणि गाळ?" आजोबांनी विचारलं.

"बराचसा धरणांत अडतो. उजनीत, पुढे श्रीशैलमला, नागार्जुनसागरला."

"मग समुद्राकाठच्या रानाला काय मिळतं?"

"फार कमी. कृष्णेच्या मुखापाशी किनारा ठिकठिकाणी झिजून आत सरकतोय."

ते बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तिथंबी कुणीतरी पेरतच असंल की."