नाणेघाटाची वाट जपणारी माणसे

कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी मुरबाड आणि टोकावडे मागे टाकून वैशाखरे गावापुढे येते, तेव्हा उजवीकडे सह्याद्रीच्या भिंतीत एक खाच आणि तिच्या शेजारी नानाचा अंगठा म्हणून ओळखला जाणारा कडा दिसू लागतो. ती खाच म्हणजे नाणेघाट. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल सातवाहन काळात याच खिंडीतून जुन्नरला आणि तेथून पैठणपर्यंत जात असे. घाटाखालून वर जाणारी ती पायवाट दोन हजार वर्षांनंतरही चालती आहे, आणि ती चालती राहावी म्हणून काही माणसे दरवर्षी पावसाळा संपला की स्वतःच्या खर्चाने येथे येऊन काम करतात. मार्गशीर्षातल्या एका मोहिमेत त्यांनी मला सोबत घेतले, त्याचे हे वर्णन आहे. गटाचे नाव लिहू नये, अशी त्यांची इच्छा आहे आणि ती मी पाळते आहे.

गटात कल्याण-मुरबाड भागातील नोकरदार तरुण आहेत, घाटमाथ्यावरच्या घाटघर गावची काही माणसे आहेत आणि एक निवृत्त शिक्षक आहेत, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात. रस्त्यावर उतरल्याबरोबर त्यांनी सर्वांना एकत्र उभे केले आणि दिवसाचे काम सांगितले. त्यात काय करायचे, यापेक्षा काय करायचे नाही याची यादी मोठी होती. गुहेत हात लावायचा नाही, शिलालेखाला पाणी लावायचे नाही, ब्रश मारायचा नाही, खडूने अक्षरे उजळायची नाहीत, टाक्यांमधले काही काढायचे नाही, फरसबंदीचा निसटलेला दगड दिसला तरी उचलून जागेवर बसवायचा नाही. नव्याने आलेल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग आपण करायचं तरी काय?" गुरुजींनी त्याच्या हातात खराटा दिला.

पायथ्यापासून पहिला टप्पा जंगलातला आणि मातीच्या वाटेचा आहे. या टप्प्यात वाटेचा खरा शत्रू कोण, हे मला चालता चालता समजत गेले. पावसाळ्यात वाटेवर चिखल झाला की माणसे तो टाळण्यासाठी कडेच्या गवतातून चालतात. एका पावसात कडेचे गवत मरते, पुढच्या पावसात तेथेही चिखल होतो आणि वाट आणखी बाहेर सरकते. वळण चुकवून सरळ वर चढणारी चोरवाट तर याहून घातक असते, कारण तिला उतार तीव्र मिळतो आणि पावसाचे पाणी मूळ वाट सोडून तिच्यातून धावू लागते. दोन-तीन वर्षांत तिचा ओहोळ होतो, आणि तो ओहोळ खाली जेथे मूळ वाटेला पुन्हा येऊन मिळतो तेथली माती खरवडून नेतो. अशा एका जागी झाडाची मुळे उघडी पडली होती आणि वाट कमरेइतकी खोल गेली होती. गटातील लोकांनी तेथे चोरवाटेच्या तोंडाशी करवंदीच्या वाळक्या फांद्या आणि पडलेले ओंडके रचले, जेणेकरून माणसाचे पाऊल आपोआप जुन्या वळणाकडे जाईल. मूळ वाटेवर ठरावीक अंतराने सुट्या धोंड्यांच्या तिरक्या ओळी जमिनीत अर्ध्या पुरल्या, म्हणजे पाणी वाटेवरून लांबवर न धावता प्रत्येक ओळीशी बाजूच्या झाडीत उतरते. धोंडे जवळच्या ओढ्यातले होते. सिमेंटची एकही पाटी वर आणलेली नव्हती. हे सारे वनखात्याच्या स्थानिक कर्मचाऱ्यांना आधी सांगून आणि त्यांची परवानगी घेऊनच केले जाते, आणि त्या दिवशी एक वनरक्षक स्वतः पहार घेऊन आमच्यात होते.

दिशादर्शक खुणांबद्दलचा या गटाचा निर्णय मला फार पटला. पूर्वी कोणीतरी दगडांवर तैलरंगाचे मोठे बाण काढले होते; त्यांवर दुसऱ्यांनी आपापल्या मंडळांची नावे लिहिली, आणि मग नावांवर नावे चढत गेली. रंग बेसाल्टच्या खडबडीत पृष्ठभागात शिरून बसतो, आणि तो काढायला रसायन वापरावे तर दगडाचीही हानी होते. म्हणून या मंडळींनी जुने बाण पुसण्याचा आग्रह सोडला आणि नवा एकही बाण काढला नाही. जंगलात वाट फुटते अशा मोजक्या जागी झाडाला खिळा न मारता सुतळीने बांधलेल्या लहान लाकडी पाट्या आहेत. त्या दरवर्षी बदलाव्या लागतात, आणि तेवढे कष्ट घेण्याची त्यांची तयारी आहे.

झाडी संपली की चढ उभा होतो आणि फरसबंदीची वाट सुरू होते. बेसाल्टचे मोठे दगड पायरीसारखे बसवलेले, मधून मधून कातळच कोरून केलेल्या पायऱ्या, आणि दोन्ही अंगांना जवळ येत जाणारे कडे. येथे खराट्याचे काम होते. पानांचा कुजलेला थर दगडांच्या सांध्यांत साचला की त्यात माती धरते, मातीत रोप उगवते, आणि वड-पिंपळ-उंबराच्या जातीचे रोप एकदा मुळावले की ते सांधा उघडतेच. रोप बोटाएवढे असताना हाताने निघते. मनगटाएवढे झाल्यावर ते उपटणे म्हणजे त्याच्याबरोबर दगडही हलवणे. त्यामुळे येथे गटाचा नियम असा आहे की कोवळे रोप काढायचे, जुने झाड दिसले तर छायाचित्र घेऊन वहीत नोंद करायची आणि पुरातत्त्व खात्याला पत्र पाठवायचे. मला ही वही पाहायला मिळाली. वाटेवरच्या ठरलेल्या जागा, प्रत्येक जागेचे दरवर्षी त्याच कोनातून घेतलेले छायाचित्र, कोणता दगड किती सरकला याची सुताने घेतलेली मापे, पाठवलेल्या पत्रांच्या प्रती. कोणत्याही संस्थेच्या कार्यालयात शोभेल अशी ही वही एका पोस्टमनने ठेवलेली आहे. माझ्या मते या गटाचे सर्वांत मोलाचे काम हेच आहे, कारण वाट किती झिजते आहे हे सांगणारा पुरावा तेथे वर्षानुवर्षे साठतो आहे.

खिंडीच्या थोडे अलीकडे पाण्याची कोरीव टाकी आणि ती प्रसिद्ध गुहा आहे. गुहेच्या मागच्या भिंतीवर कधीकाळी सातवाहन राजकुलातील व्यक्तींचे पुतळे होते. पुतळे नष्ट झाले, पण वर कोरलेल्या नावांमुळे ते कोणाचे होते हे कळते: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका) आणि राजा श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. डाव्या आणि उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख आहे, जो सामान्यतः नागनिकेचा लेख म्हणून ओळखला जातो. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना नमन करून तो अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, गावे आणि कार्षापणे ही त्या काळची नाणी यांची मोजदाद सांगतो. त्या मोजदादीमुळे भारतातील प्राचीन अंकचिन्हांचा हा एक महत्त्वाचा पुरावा ठरला. कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गुहेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, भगवानलाल इंद्रजी यांनी तिच्यातील अंकचिन्हांचा अभ्यास केला आणि जॉर्ज ब्यूलर यांनी १८८३ साली लेखाचे वाचन प्रसिद्ध केले.

लेखाचा काही भाग गळून गेला आहे, आणि त्याला केवळ वारा-पाऊस कारण नाही. या गुहेत मुक्काम करून चुली पेटवण्याची पद्धत गिर्यारोहकांमध्ये दीर्घकाळ होती. धुराची काजळी छताला धरते, भिंत तापते आणि निवते, आणि अक्षरांच्या कडांवरची खपली सुटते. त्याशिवाय शेजारी टोकदार दगडाने कोरलेली अलीकडची नावे आहेत. १९५८ च्या पुरातत्त्वविषयक केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाचे विद्रूपीकरण करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे. कायदा पुरेसा आहे. गुहेच्या तोंडाशी उभे राहून तो शांतपणे सांगणारा माणूस मात्र हवा. सुट्यांच्या दिवशी गटातील दोघे तेथे बसतात. ते कोणाला ओरडत नाहीत. आलेल्यांना लेखातली दोन-तीन नावे बोटाने न शिवता दाखवतात, वाचून दाखवतात, आणि मग भिंतीपासून दूर राहायला सांगतात. आपण काय पाहतो आहोत हे कळलेला माणूस भिंतीला टेकत नाही, हे मी त्या दुपारी पुन्हा पुन्हा पाहिले.

खिंडीतून वर पठारावर आल्यावर दगडी रांजण लागतो. यात जकातीची नाणी टाकत, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. येथून कोकणाची उतरंड, शेजारचा जीवधन किल्ला आणि त्याचा वानरलिंगी सुळका असे सारे एका नजरेत येते. जुन्नरकडून येथपर्यंत गाडीरस्ता आहे आणि पावसाळ्यात वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहायला प्रचंड गर्दी होते, त्यामुळे कचऱ्याचा खरा भार घाटाखालून येत नाही, तो पठारावरून येतो. पावसाळी वारा कोकणातून वर चढतो, म्हणून कड्यावरून फेकलेली वेष्टने परत फिरून कड्याच्या झुडपांत अडकतात. थंडीत वारा पालटला की तीच सुटून खिंडीत आणि वाटेवर उतरतात. एवढे निरीक्षण करूनच या मंडळींनी मोहिमेचा काळ ठरवला आहे: वारा पालटण्याआधी झुडपे रिकामी करायची. गोळा झालेली पोती डोक्यावर घेऊन घाट उतरायचा की घाटघरच्या टेम्पोतून जुन्नरला पाठवायची, यावर आधी मतभेद झाले होते. आता पठाराचा कचरा जुन्नरकडे आणि वाटेवरचा वैशाखऱ्याकडे, असे ठरले आहे.

मुक्काम घाटघरला झाला. नागलीची भाकरी आणि पिठले खाऊन झाल्यावर घरातल्या आजोबांनी जुन्या दिवसांचे सांगितले. हिरडा या पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांचे महत्त्वाचे उत्पन्न आहे, आणि ते म्हणाले की त्यांच्या लहानपणी हिरड्याची ओझी आणि तांदूळ याच वाटेने खाली जात. पौषातल्या म्हसा गावच्या जत्रेला, जी बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे, घाटावरची माणसे रात्रीच निघून उजाडता खाली पोचत. "ताई, तवा ह्या वाटंवर गवात उगवायला सवडच नव्हती," असे ते म्हणाले. पूर्वी रोजच्या वहिवाटीने वाट आपोआप स्वच्छ राहत असे आणि दगड ढळला तर त्याच दिवशी कोणाला तरी दिसत असे. वहिवाट तुटल्यावर तेच काम आता ठरवून करावे लागते, आणि म्हणूनच गावातली माणसे या गटात पाहुणी नाहीत. वाटेचा कोणता भाग कोणत्या महिन्यात ढासळतो, कोणत्या झऱ्याला कधीपर्यंत पाणी असते, आग्या मोहोळ यंदा कोणत्या कड्याला आहे, हे तेच सांगतात, आणि त्यांचा शब्द शेवटचा असतो.

दुसऱ्या दिवशी उतरताना फरसबंदीच्या वरच्या वळणावर गटातले सगळे थांबले. तेथे दोन दगड गेल्या वर्षीच्या मापापेक्षा चार बोटे पुढे आले होते. सहा माणसांनी पहारी लावल्या असत्या तर ते तासाभरात मागे सरकले असते, आणि ती इच्छा अनेकांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली. पण त्या दगडांखाली भराव कशाचा आहे, तो पोकळ झाला आहे की वाहून गेला आहे, हे तज्ज्ञाने पाहिल्याखेरीज ते हलवू नयेत, यावर एकमत झाले. पोस्टमनने मापे घेतली, छायाचित्रे काढली, दगडांच्या कडेला सुतळी बांधून तेथून चालणाऱ्यांना आतल्या बाजूने वळवले, आणि पत्राचा मसुदा वैशाखऱ्याच्या थांब्यावर बस येईपर्यंत लिहून पूर्ण केला. पुढची फेरी वळवाच्या पावसाआधी ठेवली आहे; तोवर खात्याचे उत्तर आले नाही, तर पत्राची प्रत घेऊन दोघांनी कार्यालयात जाऊन बसायचे, असेही तेथेच ठरले.