आमची वाटचाल : पंपाच्या मोटारीपासून पल्सर कॉइलपर्यंत

केळी आणि कापसाच्या या पट्ट्यात विहिरीवरचा पंप जळाला की बागायतदाराचा जीव टांगणीला लागतो, आणि जळगावातले आमच्या वडिलांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान त्याच गरजेवर उभे होते. तांब्याच्या इनॅमल तारेचे गेज बोटाने ओळखणे, वाइंडिंगला व्हार्निश पाजून ते भट्टीत सुकवणे, मेगर लावून इन्सुलेशन तपासणे, हे सर्व मी शाळेत असतानाच शिकलो. मोटारसायकलच्या इग्निशनकडे आम्ही वळलो ते या तारेमुळेच. पल्सर कॉइल म्हणजे चुंबकाच्या गाभ्यावर गुंडाळलेली बारीक तार; ठिणगी केव्हा पाडायची याचा इशारा तीच देते. ती गुंडाळणारा माणूस गावात असताना बाहेरगावाहून सुटा भाग येईपर्यंत गाडी उभी ठेवण्याची तयारी कोणत्याच ग्राहकाची नसे. सुरुवातीची वर्षे बरी गेली. त्यांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही.

जुन्या बुलेटला सीबी पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारा संपर्क होता, तोवर फीलर गेज, पॉलिश पेपर आणि एक जादा कंडेन्सर एवढ्यावर मेकॅनिकचे भागत असे. २००९ मध्ये क्लासिक ३५० बाजारात आली आणि चित्र बदलले. बाहेरून ती आजोबांच्या काळातली दिसत असली, तरी आत युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात), दोन प्लग आणि पॉइंटच्या जागी टीसीआयचा, म्हणजे ट्रान्झिस्टरने ठिणगी पाडणारा काळा बॉक्स होता. हा बॉक्स उघडता येत नाही, घासता येत नाही आणि त्याच्याकडे पाहून काही कळतही नाही. त्यामुळे आमच्याकडच्या बहुतेक गॅरेजांनी एकच उपाय धरला : करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, गेला की बॉक्स बदला, तरीही गेला तर प्लगला उच्च दाब देणारी एचटी कॉइल बदला, आणि त्यानेही भागले नाही तर ग्राहकाला पेट्रोलमध्ये कचरा असल्याचे सांगा. या पद्धतीबद्दल माझे मत तेव्हाही कडू होते आणि आजही तसेच आहे.

सावद्याचे एक केळी बागायतदार, ज्यांना आमच्या दुकानात सगळे आप्पा म्हणतात, ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या क्लासिकचे दोन बॉक्स आणि एक कॉइल बदलून झाली होती. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होई, तापीचा पूल आणि भुसावळ विनातक्रार ओलांडी, आणि साकेगाव-नशिराबादच्या टप्प्यात एकाएकी बंद पडे. झाडाखाली अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरू होई. "भो, ही गाडी घरी चांगली अन् वाटेत दगा देऊ राहिली," असे ते म्हणाले आणि चावी टेबलावर ठेवून निघून गेले.

गाडी बंद पडे तेव्हा दोन्ही प्लगांचा करंट एकाच क्षणी जाई. दोन प्लग किंवा दोन कॅप ठरवून एकत्र मरत नाहीत; म्हणजे दोष दोघांच्या मागे, पुरवठ्यात, बॉक्समध्ये किंवा पल्सरमध्ये असला पाहिजे. इंजिन बंद करायच्या किल स्विचपाशी आणि बॉक्सच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) बॅटरीचे व्होल्टेज पूर्ण मिळत होते, अर्थिंगची तार आम्ही घासून पुन्हा आवळली होती आणि बॉक्स तर नवाच होता. पल्सरचा रेझिस्टन्स थंड असताना अगदी योग्य येई, आणि आधीच्या तिन्ही मेकॅनिकांनी तो थंड असतानाच मोजला होता. आम्ही कॉइल काढून आमच्या तापपेटीत ठेवली. ही पेटी म्हणजे पत्रा लावलेले लाकडी खोके, आत १०० वॅटचे दोन बल्ब, एक थर्मामीटर आणि बाहेर काढलेल्या दोन वायरी, एवढेच आहे. पारा ऐंशीच्या पुढे गेला आणि मीटरचा आकडा हलू लागला; थोड्याच वेळात सर्किट पूर्ण उघडे दाखवू लागले. पेटीचे झाकण उघडून कॉइल थंड होऊ दिली, तेव्हा आकडा मुकाट्याने परत आला. बारीक तार टर्मिनलला जिथे सोल्डर केलेली असते तिथे केसाएवढी चीर होती; तापल्यावर भाग प्रसरण पावला की तिची दोन टोके दूर होत.

कॉइल नव्याने भरून दिल्यापासून आप्पांनी त्या गाडीसाठी दुसरे दुकान पाहिलेले नाही. पुढे त्याच आप्पांनी आमचा व्यवसाय वाचवला, पण त्याआधी जे घडले ते सविस्तर सांगणे भाग आहे, कारण बाजारात त्याची उलटी हकिकत अजून फिरते.

आम्ही कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांचे टीसीआय बॉक्स पुन्हा बांधून विकू लागलो होतो. आतला ड्रायव्हर ट्रान्झिस्टर इग्निशनसाठीच बनवलेला, हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर नेणाऱ्या पट्टीला, नीट चिकटवलेला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेले. आणि वरून भरलेले पॉटिंग (बॉक्स बंद करणारा भराव) थोडे लवचीक, म्हणजे इंजिनाच्या थरथरीने सोल्डरचे टाके सुटत नाहीत. धुळे, चाळीसगाव, नंदुरबार इकडे हा माल एक घाऊक व्यापारी नेत असे. त्याचे नाव मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना ते माहीत आहे. दुसऱ्या हंगामात त्याची मागणी कमी झाली, आणि आमच्यासारखाच रंग, आमच्यासारखेच लेबल आणि जवळजवळ आमच्याच नावाचा बॉक्स आमच्यापेक्षा स्वस्त दराने दुकानांत दिसू लागला. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला तसे ते बॉक्स एकामागून एक बंद पडू लागले, आणि प्रत्येक ग्राहक हमीची चिठ्ठी घेऊन आमच्याच दारात उभा राहू लागला. त्या व्यापाऱ्याकडे अडकलेली आमची रक्कम त्याने "माल खराब निघाला" असे सांगून दिली नाही. वाइंडिंग मशिनसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले आणि कामावरच्या दोन मुलांचा पगार उधारीवर गेला.

जमलेल्या मेकॅनिकांसमोर आम्ही दोन बॉक्स हॅक्सॉने कापले, एक आमचा आणि एक त्याचा. त्याच्या बॉक्समध्ये ८५ अंशांचे कपॅसिटर होते आणि ट्रान्झिस्टर हीटसिंकला टेकलेलाच नव्हता. आपल्याकडच्या उन्हात, गरम इंजिनाशेजारी, असा कपॅसिटर किती दिवस टिकणार, हे कोणीही सांगू शकेल. पाहणाऱ्यांना ते पटले, पण उधारी पटल्याने फिटत नाही. त्या पावसाळ्यात आप्पांनी स्वतःच्या आणि भाऊबंदांच्या बंद पडलेल्या पंपांच्या मोटारी ट्रॅक्टरमध्ये घालून आमच्याकडे पाठवल्या, आणि फैजपूर-रावेरच्या मेकॅनिकांना स्वतः घेऊन आले. वडिलांचा धंदा मी मागे टाकला असे मला वाटत होते. थकलेले हप्ते त्याच धंद्याने फेडले.

आता काही गोष्टी, कोणी विचारल्या नसल्या तरी. मागे कॅरियर किंवा पुढे लेगगार्ड वेल्डिंग करून घ्यायचे असेल, तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा आणि बॉक्सचा कपलर सोडवावा. वेल्डिंगचा प्रवाह फ्रेममधून वायरिंगमध्ये शिरतो आणि बॉक्स जळाल्याचे खापर मात्र आमच्यावर फुटते. करंट पाहण्यासाठी प्लग कॅप हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये, प्लग लावून त्याचे अंग इंजिनाला टेकवावे. जाण्याची वाट न मिळालेला विजेचा दाब कॉइलचे इन्सुलेशन फोडतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "मॅग्नेट चार्ज करतो का" हे पाहण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी ती पॉइंटच्या गाड्यांसोबतच सोडायला हवी होती. चार्जिंग पाहायचे तर मीटर आहे, आणि इंजिन रेस केल्यावर बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दिसले की पुरे.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि क्लासिक ३५० लाही कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन बसले. आता पल्सरच्या जागी असलेला क्रँक सेन्सर गेला की ठिणगीसोबत इंधनही थांबते, आणि पुष्कळ जण थेट ईसीयूवर, म्हणजे इंजिनाच्या संगणकावर, संशय घेतात. आम्ही ईसीयूतले दोष वाचणारा स्कॅनर घेतला आहे, पण तापपेटी अडगळीत टाकलेली नाही. गरम झाल्यावर तुटणारी तार इंजेक्शनच्या गाडीतही तशीच तुटते, आणि गाडी थंड असताना स्कॅनर अनेकदा काहीच दाखवत नाही.

तो व्यापारी आता ते बॉक्स विकत नाही, इतर माल विकतो. आमची रक्कम अजून आलेली नाही. शहादा, तळोदा, शिरपूर इकडून जे मेकॅनिक कुरियरने काम पाठवतात त्यांनी नुसता बॉक्स न पाठवता पल्सर कॉइलही पाठवावी, गाडी थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर, हे चिठ्ठीत लिहावे, आणि कृपा करून कपलर कापून वायरी मोकळ्या करून पाठवू नयेत.