बापाच्या पगारातून कापलेले पैसे पोरापर्यंत पोचतात का?

परवा इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, एका मराठी ग्रुपवर चाइल्ड सपोर्टवरून चांगलीच जुंपली (आईबाप वेगळे राहत असतील तर मूल ज्याच्याकडे नाही त्याने मुलाच्या खर्चासाठी द्यायचे पैसे, बहुतेकदा बापाने). कोणीतरी टाकलं होतं की अमेरिकेत थकलेल्या चाइल्ड सपोर्टची रक्कम शंभर अब्ज डॉलरच्या वर आहे, आणि मग सगळ्यांचा एकच सूर, पोरं जन्माला घालायची आणि जबाबदारी झटकायची, असल्या बापांना सरळ आत टाका. मला जे म्हणायचं होतं ते दोन ओळीत बसण्यातलं नव्हतं म्हणून इथे लिहितेय.

चाइल्ड सपोर्ट हवाच. एकटीने पोरं वाढवणाऱ्या आईला दर महिन्याला वेळेवर येणारे दोन-तीनशे डॉलर म्हणजे काय असतं ते तिलाच माहीत, भाडं आणि लाइटबिल यातलं एक निवडायची वेळ येत नाही एवढं तरी होतं. ज्याच्याकडे आहे आणि तरी देत नाही त्याच्या पगारातून कापाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हे शंभर अब्ज कोणाकडे अडकलेत ते बघा ना. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २००७ साली नऊ मोठ्या राज्यांचा डेटा तपासला होता, तर थकबाकीतली ७० टक्के रक्कम अशा लोकांच्या नावावर निघाली ज्यांचं नोंदलेलं उत्पन्न वर्षाला १०,००० डॉलर किंवा त्याहून कमी होतं, काहींचं तर शून्य. म्हणजे बराचसा पैसा दडवलेला नाहीये, तो नाहीचे.

आणि दुसरी गोष्ट, जी ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हती आणि ऐकून बहुतेकांना खरी वाटत नाही. आई जर वेलफेअरवर असेल, म्हणजे टॅनफ या गरीब कुटुंबांसाठीच्या सरकारी योजनेचे रोख पैसे घेत असेल, तर बापाने दिलेला चाइल्ड सपोर्ट तिला पूर्ण मिळेलच असं नाही, कित्येक राज्यांमध्ये तर त्यातलं काहीच मिळत नाही. टॅनफचा अर्ज करतानाच तिला आपला चाइल्ड सपोर्टचा हक्क सरकारच्या नावे करून द्यावा लागतो, बाप कोण, कुठे असतो, कुठे कामाला आहे हे सांगून सहकार्य करावं लागतं (मारहाणीचा वगैरे धोका असेल तर सूट मिळू शकते), नाही केलं तर मदत कापली जाते. मग बापाकडून आलेले पैसे राज्य आणि केंद्र सरकार आपापसात वाटून घेतात, आम्ही तुमच्या कुटुंबाला मदत दिली ना, त्याची ही परतफेड म्हणून.

हे असं का, तर चाइल्ड सपोर्ट वसूल करायचा हा सरकारी प्रोग्राम सुरूच त्यासाठी झाला. १९७५ मध्ये कायदा आला तेव्हा वेलफेअरवरचा खर्च बापांकडून वसूल करणं हाच मोठा हेतू होता. १९८४ मध्ये निदान एवढं ठरलं की महिन्याला आलेल्यातले पहिले ५० डॉलर तरी आईला द्यायचे, पण १९९६ च्या वेलफेअर रिफॉर्ममध्ये ती सक्तीही गेली आणि राज्यांवर सोडलं. २००५ च्या कायद्याने पुन्हा थोडी ढील दिली, राज्याने एका मुलामागे १०० आणि दोन किंवा जास्त मुलं असतील तर २०० डॉलरपर्यंत कुटुंबाला दिले तर केंद्र त्यातला आपला वाटा मागत नाही. पण द्यायचे की नाही हे राज्याच्या मर्जीवर. एक मात्र मान्य करायला हवं, टॅनफवरची कुटुंबंच आता फार कमी उरलीयेत, त्यामुळे एकूण गोळा होणाऱ्या चाइल्ड सपोर्टमधला बहुतेक पैसा आज थेट कुटुंबांना जातो. पण जो जात नाही तो नेमका सगळ्यात गरीब पोरांचा असतो.

मी टॅक्स सीझनमध्ये शनिवारी फ्री टॅक्स भरून द्यायच्या टेबलावर व्हॉलंटियर म्हणून बसते, तिथे हे अगदी समोर दिसतं. एक माणूस आला होता, वेअरहाऊसमध्ये कामाला, डब्ल्यू-टू (वर्षभराच्या पगाराचा कागद) नीट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणलेला, त्याच फोल्डरमध्ये मुलीचा शाळेतला फोटो. पोरगी आईकडे राहते, त्यामुळे तिच्या नावाचं टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे मिळणारी करातली सूट, त्याला लागू नाही, मूल वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ तुमच्या घरी राहिलेलं लागतं. स्क्रीनवर रिफंडचा आकडा आला तेव्हा तो काहीच खूश झाला नाही. म्हणाला, हे काही माझ्या हातात येत नाहीत, गेल्या वर्षीही नुसतं पत्र आलं होतं. थकबाकी ठरावीक रकमेच्या वर गेली की फेडरल, म्हणजे केंद्राचा, टॅक्स रिफंड परस्पर त्या थकबाकीत वळवतात, टॅनफची केस असेल तर १५० डॉलर थकले की पुरे, नाहीतर ५००. मी म्हटलं निदान मुलीला तरी मिळतील. तो म्हणाला तिच्या आईला विचारलं, तिला एक सेंटही मिळाला नाही.

त्या आईने टॅनफ कधीच सोडलं होतं, नोकरी करत होती. पण जुन्या नियमाने टॅक्स रिफंडमधून आलेला पैसा आधी ती टॅनफवर असतानाच्या, सरकारच्या नावे झालेल्या जुन्या थकबाकीत जमा होतो आणि उरला तर कुटुंबाला. हा क्रम बदलून कुटुंबाला आधी द्यायची मुभा राज्यांना २००५ च्याच कायद्याने आहे, सगळ्यांनी ती घेतलेली नाही. मला त्या दिवशी खरंच फार राग आला. बाप देतोय, पोरीला गरज आहे, आणि मधल्यामधे पैसा तिसरीकडेच.

बरं ही थकबाकी एवढी वाढते कशी, तर बरेचदा महिन्याला किती द्यायचे ही ऑर्डरच सुरुवातीला चुकीची निघते. माणूस कोर्टात हजर राहिला नाही किंवा उत्पन्नाचे कागद नसले की त्याने फुलटाइम काम केलं तर किती कमावेल असं धरून आकडा लावतात, प्रत्यक्षात त्याला आठवड्यात वीस तास मिळाले तरी. मग काम सुटलं, आजारपण आलं, तरी मीटर चालूच. आणि १९८६ च्या ब्रॅडली अमेंडमेंटमुळे एकदा थकलेली रक्कम जज्जलाही मागे जाऊन कमी करता येत नाही, अर्ज केल्याची नोटीस समोरच्याला गेली त्या तारखेच्या पुढचंच काय ते बदलतं. त्यावर काही राज्यांत व्याज, कॅलिफोर्नियात तर वर्षाला १० टक्के. त्यात ड्रायव्हिंग लायसन सस्पेंड करतात, मग कामावर जायचं कसं? २,५०० डॉलरच्या वर गेलं की पासपोर्ट नाही. पगारातून ५० पासून ६५ टक्क्यांपर्यंत कापायची परवानगी कायद्यातच आहे, हातात एवढं थोडं उरलं की माणूस रोखीवर कुठेतरी काम धरतो आणि सिस्टिममधून गायबच होतो. मग ना सरकारला मिळत ना पोराला.

तुरुंगात टाका म्हणणाऱ्यांनी साउथ कॅरोलिनाची टर्नरची केस बघावी. मायकल टर्नरला आठवड्याला ५१.७३ डॉलर द्यायचे होते, थकत थकत ५,७२८.७६ झाले, आणि २००८ मध्ये वकील नसताना छोट्याशा सुनावणीत त्याला १२ महिने आत टाकलं, त्याची पैसे भरायची ऐपत आहे की नाही याचा निष्कर्षसुद्धा न नोंदवता. केस सुप्रीम कोर्टात गेली. २०११ मध्ये कोर्टाने सांगितलं की अशा केसमध्ये सरकारने वकील दिलाच पाहिजे असं नाही, पण माणसाची ऐपत तपासल्याशिवाय आत टाकता येणार नाही. मग २०१६ मध्ये फेडरल नियम बदलले, उत्पन्न गृहीत धरताना त्या माणसाची खरी परिस्थिती बघायची आणि तुरुंगवास म्हणजे मुद्दाम नोकरी सोडली असं धरायचं नाही. हो, त्याआधी बऱ्याच राज्यांत तसं धरत होते, माणूस आत बसलेला आणि बाहेर ऑर्डर चढत चाललेली.

यावर उपाय माहीत नाहीत असं अजिबात नाही. विस्कॉन्सिनने १९९७ पासून प्रयोग केला, काही कुटुंबांना चाइल्ड सपोर्ट पूर्ण दिला आणि काहींना थोडाच, आणि ज्यांना पूर्ण मिळत होता तिथे बाप जास्त प्रमाणात पैसे भरायला लागले, पितृत्वाची नोंदही लवकर व्हायला लागली, आणि सरकारचा खर्च काही फारसा वाढला नाही. हे न कळण्यासारखं काय आहे, आपला पैसा आपल्या पोराला मिळतोय हे दिसलं की माणूस देतो! कोलोरॅडोने २०१७ पासून चालू महिन्याचा पूर्ण चाइल्ड सपोर्ट टॅनफवरच्या कुटुंबांना द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये जी कुटुंबं आधी वेलफेअरवर होती आणि आता नाहीत त्यांना जुन्या थकबाकीवर येणारे पैसेही देऊन टाकायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये २००६ पासून चाइल्ड सपोर्ट वेळेवर भरणाऱ्या पण मूल सोबत नसलेल्या कमी उत्पन्नाच्या पालकाला वेगळं टॅक्स क्रेडिट आहे.

नोकरीचं म्हणाल तर टेक्सासमध्ये जज्ज तुरुंगाऐवजी थेट कामधंद्याच्या प्रोग्रामला पाठवू शकतो, तिथे पैसे भरण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. आठ राज्यांत २०१२ पासून असाच एक मोठा फेडरल प्रयोग झाला, त्यात पगारावर परिणाम माफकच दिसला, चाइल्ड सपोर्टचा भरणाही वाढला नाही, पण ऑर्डरचे आकडे कमी झाले आणि बापांचं चाइल्ड सपोर्टच्या ऑफिसबद्दलचं मत खूपच सुधारलं. मला हे शेवटचं कमी महत्त्वाचं वाटत नाही, कारण जो माणूस पत्र उघडायलाच घाबरतो तो काम सुटल्यावर ऑर्डर कमी करून घ्यायला त्या ऑफिसात जाणार कधी. डिसेंबर २०२४ मध्ये नवीन नियम आला की राज्यांना हवं असेल तर चाइल्ड सपोर्ट प्रोग्रामचा फेडरल पैसा नोकरी शोधून देण्यावर आणि ट्रेनिंगवर खर्च करता येईल, आधी सहसा तशी परवानगी नव्हती. किती राज्यं खरंच करतात ते बघायचं.

तुमच्यापैकी कोणी टॅक्सच्या टेबलावर किंवा फूड पँट्रीत बसत असेल आणि असा कोणी भेटला तर दोन गोष्टी आवर्जून सांगा. काम सुटलं किंवा तास कमी झाले की त्याच आठवड्यात ऑर्डर बदलायचा अर्ज टाकायचा, तोंडी सांगून किंवा पोराच्या आईशी आपसात ठरवून चालत नाही, आणि उशीर केला तर मधले महिने कायमचे डोक्यावर बसतात. आणि दुसरं लग्न झालेलं असून रिटर्न एकत्र भरत असतील तर फॉर्म ८३७९ सोबत लावायचा, म्हणजे बायकोच्या कमाईचा रिफंड त्याच्या जुन्या थकबाकीत जात नाही.