कपड्यांचा ड्रायर लावून झोपलं तर चालतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही, चालत नाही.

दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी मला हे विचारतं. कुणी नवा ड्रायर घेतलेला असतो, कुणाला भाड्याच्या घरात आयता मिळालेला असतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न हमखास येतो: "आणि वीज फार खातो हो, त्यावर काही उपाय?" विचारणाऱ्याच्या लेखी हे दोन निरनिराळे प्रश्न असतात, एक सुरक्षिततेचा आणि एक बिलाचा. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते.

माझा पहिला ड्रायर जुना, दुसऱ्याच्या वापरातला होता. सुरुवातीला पाऊण तासात टॉवेल खडखडीत वाळायचे. मग तास लागायला लागला, मग दीड. माझ्या डोक्यात एकच, हीटर गेला असणार. म्हणून मी तेच कपडे दोन-दोनदा फिरवायचे. एके दिवशी मशीनच्या पत्र्यावर हात ठेववेना आणि इस्त्री कापडावर विसरली की येतो तसा वास यायला लागला. दुरुस्तीवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी हीटरकडे बघितलंसुद्धा नाही. मशीन भिंतीपासून ओढली, मागचा पाईप काढला, आत हात घातला आणि मेलेल्या उंदरासारखा एक राखाडी लोळ बाहेर काढला. मग दुसरा. मग तिसरा.

"ताई, हीटर ठणठणीत आहे. याचं नाक चोंदलंय."

पाईप प्लास्टिकचा, भात्यासारख्या चुण्यांचा होता. जागा वाचवायला मी मशीन भिंतीला अगदी चिकटवून ठेवली होती, त्यामुळे तो मागे चेपून दुमडला होता. प्रत्येक चुणीत कपड्यांचे सुटे तंतू, म्हणजे लिंट, साठत गेलं होतं.

ड्रायर कपडे तापवून वाळवतो असं आपण म्हणतो, पण तापवणं हे अर्धंच काम. गरम हवा कपड्यांतून पाणी उचलते आणि ती दमट हवा बाहेर जावी लागते. किंवा कंडेन्सरच्या मशीनमध्ये तिच्यातलं पाणी थंड होऊन टाकीत पडावं लागतं. हवेची वाट अडली की ड्रममध्ये नुसतं वाफेचं स्नान चालतं. कपडे ओलेच, वेळ दुप्पट, वीज दुप्पट. आणि हीटरची जी उष्णता वाहून जायला हवी होती ती आतच घुटमळते, नेमकी तिथे, जिथे कापसासारखं भुरभुरणारं, ठिणगीची वाट बघणारं लिंट असतं. म्हणजे बिल वाढवणारी गोष्ट आणि आग लावणारी गोष्ट एकच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा घरांमधल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० निघाल्या. त्यांच्या कारणांत सगळ्यात वरचं कारण होतं साफसफाई न करणं, ३४ टक्के.

तेव्हा पहिलं काम लिंट अडवणाऱ्या जाळीचं. दर खेपेला, न चुकता. "मी आठवड्यातून एकदा काढते" असं अभिमानाने सांगणाऱ्या खूपजणी भेटतात. आठवड्यातून एकदा म्हणजे पाच-सहा खेपा चोंदलेल्या नाकाने. हात किंचित ओला करून थर गोळा केला की तो पापुद्र्यासारखा निघून येतो. ड्रायरमध्ये टाकायचे सुगंधी कागद वापरत असाल तर आणखी एक भानगड असते. त्यांचा मेणचट लेप जाळीवर बसतो आणि जाळी दिसायला स्वच्छ, पण हवेला बंद, अशी होते. नळाखाली धरून बघा. पाणी जाळीवर थबकलं तर ती कोमट पाण्याने, साबण लावून, मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. मी ते कागद सोडूनच दिले. त्यांनी टॉवेल मऊ लागतात खरे, पण अंग पुसायला गेलं की पाणी अंगावरच फिरवतात.

पाईपवाली मशीन असेल तर पाईप धातूचा, आतून गुळगुळीत, होईल तितका आखूड आणि कमी वळणांचा घ्या. सांधे पट्टीने आवळा. स्क्रू मारले तर त्यांची टोकं आत येतात आणि त्यांना लिंट अडकत जातं. मशीन चालू असताना बाहेर जाऊन भिंतीवरची, पाईपच्या तोंडाची झडप उघडतेय का ते बघा. ती अर्धवट लवत असेल तर आत काहीतरी साठलंय. वर्षातून एकदा तरी पूर्ण पाईप काढून साफ करायचा. कंडेन्सर किंवा हीट पंपवाल्यांना (ही मशीन उष्णता परत वापरते, तिचं पुढे सांगते) पाईप नसतो म्हणून ते निर्धास्त असतात, पण त्यांच्या मशीनला खाली आणखी एक जाळी किंवा पात्यांचा ठोकळा असतो. त्यावर चढलेला लिंटचा लोकरीसारखा थर अनेकांनी खरेदीपासून पाहिलेलाच नसतो. जाळी किंवा ठोकळा कुठे आहे ते पुस्तिकेत शोधा. टाकी दर वेळी रिकामी करा. आणि मशीन कोंदट कपाटात बंद करून चालवू नका, तिला खोलीतली हवा लागते. गॅसवर चालणारा ड्रायर असेल तर पाईप तुंबण्याचा अर्थ आणखी वाईट: कार्बन मोनॉक्साइड घरात. त्याला ना रंग, ना वास.

आता झोपण्याचं. लोक म्हणतात, "पण मशीन आपोआप बंद होते ना?" होते. जास्त तापली तर वीज तोडणारे थर्मोस्टॅटही असतात. पण सगळी यंत्रं कधी ना कधी बिघडतात आणि हे बिघडलं तर पहिला इशारा वासाचा असतो. झोपलेल्या माणसाच्या नाकावर भरवसा ठेवता येत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात एका १८ मजली इमारतीच्या सातव्या मजल्यावर सदोष ड्रायरमुळे आग लागली आणि ती वरच्या मजल्यांवर चढत गेली. जीवितहानी झाली नाही. आग लागली तेव्हा भर दुपार होती, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तेव्हा ड्रायर लावायचा तो कुणीतरी जागं आणि घरात असताना, आणि धुराचा अलार्म चालू स्थितीत हवा. दुसरं, तुमच्या मॉडेलवर कंपनीने काही सूचना काढली आहे किंवा ते परत मागवलंय का, हे मॉडेल क्रमांक टाकून एकदा बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

यापेक्षा कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की आग मशीन बंद झाल्यावरही लागू शकते. स्वयंपाकाचं तेल, मालिशचं तेल, लाकडाला लावायचं जवसाचं तेल, यांत भिजलेले टॉवेल-फडकी धुतली तरी त्यांच्यात थोडं तेल राहतंच. तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं तेव्हा उष्णता सुटते. फडकं पसरलेलं असलं तर ती उडून जाते, काही बिघडत नाही. पण ड्रायरमधून गरमागरम काढून, एकावर एक रचून, टोपलीत दाबून ठेवलं की आतली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. ती वाढत जाते, वाढल्यामुळे संयोग आणखी वेगाने होतो, आणि काही तासांनी ढीग स्वतःहून धुमसतो. काडी नको, ठिणगी नको. म्हणून तेलकट कपडे ड्रायरमध्ये घालूच नका. चक्राच्या शेवटची दहा-पंधरा मिनिटं ड्रम गार हवेवर फिरतो. "फुकट फिरतोय" म्हणून लोक तो बंद करतात, पण हे गार करणं याचसाठी असतं. मध्येच बंद करावा लागला तर कपडे लगेच बाहेर काढून मोकळे पसरा. पेट्रोल, थिनर लागलेले कपडे, फोमच्या उशा, मागे रबर असलेली पायपुसणी यांनाही ड्रायरची दारं बंद.

विजेचं मी मागे ठेवलं, कारण त्यातलं निम्मं उत्तर ड्रायरच्या बाहेर आहे, वॉशिंग मशीनमध्ये. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट वीज लागते, हे भौतिकशास्त्राचं भाडं आहे आणि साध्या हीटरच्या मशीनला ते चुकवता येत नाही. तेच पाणी पिळून काढायला त्या मानाने नगण्य वीज पुरते. सात किलो सुती कपडे मिनिटाला १,००० फेऱ्यांनी पिळले तर त्यांच्यात सव्वाचार लिटरच्या आसपास पाणी उरतं. १,४०० फेऱ्यांनी साडेतीन. तो पाऊण लिटरचा फरक दर खेपेला जवळपास अर्धं युनिट वाचवतो. माझ्या ओळखीत एकजण ड्रायरच्या वीजबचतीच्या स्टार रेटिंगवर तासभर बोलतात आणि घरी स्पिन ८०० वर ठेवतात.

हीट पंपची मशीन हे भाडं वेगळ्या रीतीने कमी करते. ती दमट हवेतली उष्णता फेकून देण्याऐवजी परत वापरते, त्यामुळे वीज निम्म्याच्या आसपास लागते. वेळ जास्त घेते, पण आच मंद असल्याने कपड्यांनाही मानवते. ड्रायर नेहमी लागणार असेल तर मी डोळे झाकून तीच घेईन.

बाकी बारीकसारीक. कपडे झटकून, सुटे करून टाका. चादरीच्या पोटात गोळा झालेले मोजे कधीच वाळत नाहीत. जाड जीन्स आणि पातळ शर्ट एकत्र नकोत. ड्रम दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. मिनिटं लावण्यापेक्षा सेन्सरचा कार्यक्रम निवडा. ड्रममध्ये धातूच्या दोन पट्ट्या असतात, त्या कपड्यांचा ओलावा जोखतात, अधूनमधून व्हिनेगरच्या फडक्याने पुसल्या की नीट काम करतात. इस्त्री करायचीच असेल तर किंचित ओलसरच काढा. ड्रायर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही. दोन-अडीच किलोवॉटचा भार तासभर ओढला की स्वस्त बोर्ड वितळतात. घरात मांजर किंवा लहान मूल असेल तर दार लावण्यापूर्वी ड्रममध्ये डोकावून हात फिरवा. मांजरांना उबदार, अंधारी गुहा फार आवडते.

आमच्याकडे रात्री अकराला टॉवेल अर्धे ओले असले तर ड्रायर बंद होतो आणि टॉवेल स्टँडवर पसरले जातात. सकाळी थोडे कडक लागतात.