जॉन्सन हॉलचा देखावा: घर पूर्ण, माणसे अजून रंगायची आहेत

सर जॉन जॉन्सन यांच्यावरील १:७२ मापाच्या (मूळच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) देखाव्यात जॉन्सन हॉल या त्यांच्या वाड्याचा दर्शनी भाग आता पूर्ण झाला असून पलटणीच्या पुतळ्यांवर शेवटचा हात फिरतो आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचे देखावे करणारे बहुतेक जण एखादी लढाई निवडतात. मी मुद्दाम घर निवडले, कारण ब्रिटिश राजाच्या बाजूने लढलेल्या या माणसाचे युद्ध त्याच्या गोतावळ्याशिवाय उलगडतच नाही.

वडील सर विल्यम यांनी १७६३ मध्ये न्यूयॉर्कच्या मोहॉक खोऱ्यात बांधलेला हा वाडा लाकडी आहे; मात्र फळ्यांवर खाचा पाडून आणि रंगात वाळू मिसळून त्याला दगडी बांधकामाचे रूप दिलेले होते. मी सनबोर्डवर जाड कार्डशीट चिकटवून तिच्यावर शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने सांधे आखले. या मापात मलमलीतून गाळलेली वाळूसुद्धा खडीसारखी दिसते, त्यामुळे ॲक्रिलिक रंगात टाल्कम पावडर मिसळली आणि फाडलेल्या स्पंजने ती टिपून बसवली. पोत अपेक्षेपेक्षा चांगला उतरला. बाजूच्या दोन दगडी कोठ्या फोममधून कोरल्या आहेत. त्यांना फार वेळ लागला नाही.

खरा वेळ खाल्ला तो माणसांच्या मांडणीने. सर जॉन यांचा जन्म १७४१ चा. आई कॅथरिन वायझेनबर्ग ही करारबद्ध चाकरीवर आलेली जर्मन स्त्री. ॲन आणि मेरी या तिच्या मुलींचे विवाह अनुक्रमे डॅनियल क्लॉस आणि गाय जॉन्सन यांच्याशी झाले, आणि हे दोन्ही जावई सासऱ्याच्याच खात्यात, म्हणजे मूलनिवासी जमातींशी चालणाऱ्या ब्रिटिश कारभारात होते. कॅथरिननंतर विल्यम यांच्या घराची सूत्रे मोहॉक या मूलनिवासी समाजातील मॉली ब्रँट हिच्या हाती आली. मृत्युपत्रात मात्र विल्यम यांनी कॅथरिनचा उल्लेख पत्नी म्हणून आणि मॉलीचा घर सांभाळणारी विश्वासू स्त्री म्हणून केला. १७७४ मध्ये ते वारल्यावर वाडा आणि बॅरोनेट ही वंशपरंपरागत ब्रिटिश पदवी जॉन यांच्याकडे आली, तर मॉली मुलांना घेऊन आपल्या लोकांत परतली. म्हणून तिचा पुतळा मी दारात न ठेवता वाटेवर, वाड्याकडे पाठ करून उभा केला आहे. वैभवाच्या या चित्रात वाड्यावर राबणारे गुलामही आले पाहिजेत. त्यांचे पुतळे एम-सीलमधून घडवले असून ते अजून प्रायमरवरच आहेत.

जॉन यांनी १७७३ मध्ये न्यूयॉर्कच्या धनाढ्य वॉट्स घराण्यातील मेरीशी विवाह केला. त्याआधी क्लॅरिसा पुटमन हिच्यापासून त्यांना दोन अपत्ये झाली होती. मे १७७६ मध्ये अटक टाळण्यासाठी ते आपली जमीन कसणाऱ्या कुळांना घेऊन ॲडिरॉन्डॅकच्या जंगलातून ब्रिटिशांच्या ताब्यातील मॉन्ट्रियलला निसटले. मागे राहिलेल्या गरोदर मेरीला अमेरिकन बंडखोरांनी ओलीस म्हणून ऑल्बनीला नेले. पुढे ती तेथून निसटून ब्रिटिशांकडे पोहोचली. अनेक चरित्रांत तिची बोळवण एका ओळीत होते, हे मला पटत नाही. देखाव्यात ती पुढच्या रांगेत आहे.

मॉन्ट्रियलला पोहोचताच उभारलेली किंग्ज रॉयल रेजिमेंट ऑफ न्यूयॉर्क ही सर जॉन यांची पलटण सुरुवातीला हिरव्या कोटात होती. ६ ऑगस्ट १७७७ च्या ओरिस्कनीच्या लढाईसाठी तेच पुतळे आहेत. शत्रू येत असल्याचा निरोप ब्रिटिशांना मॉलीनेच धाडला होता. हिरव्यावर तपकिरी वॉश (पातळ रंगाचा थर) दिल्यावर कोट मळका न दिसता जुना दिसतो, म्हणून काळा वॉश टाळावा. १७८० च्या स्वाऱ्यांसाठी लाल कोट, निळी कॉलर आणि निळे कफ घेतले. त्या वर्षीच्या मे महिन्यात सर जॉन वाड्याजवळच्या आपल्याच जॉन्सटाउन गावावर चालून आले आणि पळताना पुरून ठेवलेली घरची चांदी त्यांनी उकरून नेली, तो प्रसंग डाव्या कोपऱ्यात येतो. चांदीच्या भांड्यांसाठी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद पुरतो.

न्यूयॉर्कने १७७९ मध्येच कायदा करून त्यांची मालमत्ता जप्त केली होती. १७८२ मध्ये ते मूलनिवासी व्यवहार खात्याचे मुख्य अधीक्षक झाले. ही जागा आधी मेहुणे गाय जॉन्सन यांची होती आणि हिशेबांतील घोटाळ्याच्या आरोपामुळे ती गेली होती. १७८४ मध्ये सेंट लॉरेन्स नदीच्या काठी विस्थापित राजनिष्ठांना (ब्रिटिश राजाच्या बाजूच्या वसाहतवाल्यांना) जमिनी वाटून वसवण्याचे काम त्यांनी पाहिले. माझ्या मते, त्यांच्या कोणत्याही स्वारीपेक्षा या कामाचा परिणाम जास्त टिकला. १७८६ मध्ये ते क्वेबेकच्या विधान परिषदेवर आले. अप्पर कॅनडाचे (आजच्या ऑन्टारियोचे) लेफ्टनंट गव्हर्नरपद मिळावे अशी त्यांची इच्छा होती. ते जॉन ग्रेव्हज सिमको या ब्रिटिश अधिकाऱ्याला मिळाले. पुढे लोअर कॅनडाच्या (आजच्या क्वेबेकच्या) विधान परिषदेत जागा मिळाली आणि १८३० मध्ये मॉन्ट्रियलला त्यांचे निधन झाले.

विधान परिषदेतले वृद्ध सर जॉन गडद निळ्या साध्या कोटात बसलेले दाखवणार आहे. उभ्या पुतळ्याचे गुडघे कापून एम-सीलने बसवलेली पोझ सध्या वाळते आहे. त्यानंतर नदीकाठच्या जमीनवाटपाचा छोटा तळ घेईन, त्यात मोजणीची साखळी धरलेले दोन गडी आणि निवृत्त शिपायांची रांग असेल. साखळीसाठी घड्याळाच्या चेनपेक्षा बारीक काही कोणाला सापडले असल्यास कळवावे.