घरी काढलेला रस कडू का होतो? माझा अनुभव

संत्र्याचा रस कडू झाला की आपण फळाला नावं ठेवतो. माझ्या अनुभवात दोष फळाचा क्वचितच असतो. बी चिरडलेली असते, नाहीतर पांढरी साल मिक्सरमध्ये गेलेली असते. या दोन्हींतला एक घटक रसातल्या आम्लामुळे हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो, आणि लिमोनिन कडू असतं. म्हणून काढल्या काढल्या गोड लागलेला रस तासा-दोन तासांत कडवट होतो. मग वरून कितीही साखर घाला, तो कडवटपणा जात नाही.

त्यामुळे संत्र्याला मी मिक्सर लावतच नाही. एका ग्लासाला, म्हणजे साधारण २०० मिली रसाला, मध्यम आकाराची तीन संत्री लागतात. फ्रिजमधली असतील तर आधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवायची, कारण गार फळ पिळताना रस कमी सुटतो. साल खायची नसली तरी फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचंच. सालीवरची घाण सुरीबरोबर थेट गरात जाते. मग ओट्यावर तळहाताखाली दाबून फळ दहा-बारा वेळा फिरवायचं, आडवं कापायचं आणि हाताच्या ज्यूसरवर हलकेच पिळायचं. आतली पांढरी साल दिसू लागली की थांबायचं. शेवटचा चमचाभर रस काढायच्या नादात सगळा ग्लास बिघडतो.

डाळिंबाला मिक्सर चालतो, पण जपून. दाणे कोरड्या भांड्यात टाकून दोन-दोन सेकंदांचे तीनच झटके द्यायचे. गर फुटतो, बी अख्खी राहते. सलग फिरवलं की बीचा भुगा होतो आणि रस गढूळ, तुरट होतो. पाती नवी आणि धारदार असतील तर दोन झटकेही पुरतात. गाळताना चमच्याच्या पाठीने दाबायचं, रगडायचं नाही.

सफरचंदाची अडचण वेगळी आहे. फोड कापली की गरातल्या एन्झाइमची हवेशी गाठ पडते आणि रंग तपकिरी होऊ लागतो. मिक्सर तर हवा आत ओढूनच घेतो. म्हणून दोन सफरचंदांना एक मोठा चमचा लिंबाचा रस आधी भांड्यात घालायचा आणि फोडी कापल्या कापल्या त्यात टाकायच्या. नंतर पिळलेल्या लिंबाचा तितका उपयोग होत नाही. बिया आणि मधला कडक भाग काढून टाकायचा. अर्धी वाटी गार पाणी घालून वीस-तीस सेकंद फिरवायचं. त्याहून जास्त वेळ फिरवलं तर ग्लासात वर बोटभर तपकिरी फेस आणि खाली पातळ पाणी असं दिसतं. फेस आलाच तर पाच मिनिटं थांबून चमच्याने काढावा. कलिंगडाला पाणी अजिबात घालायचं नाही. अननसात दूध घालायचं नाही. त्यातलं ब्रोमेलेन दुधातली प्रथिनं तोडतं आणि चव कडू होते.

आता फायद्याचं. संत्र्याच्या एका ग्लासात क जीवनसत्त्व साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागेल इतकं असतं. जेवणासोबत घेतला तर धान्य-भाज्यांतलं लोह शोषायलाही मदत होते. पण त्याच ग्लासात सुमारे १६-१७ ग्रॅम साखर असते, वरून काहीही न घालता. अख्ख्या संत्र्यातून जवळपास तीन ग्रॅम तंतू मिळतात, गाळलेल्या रसात ते नावालाच उरतात. तीन संत्री चावून खाताना पोट आपण होऊन थांबवतं, रस मात्र अर्ध्या मिनिटात पिऊन होतो. म्हणून मी १५० मिलीचा लहान ग्लास घेते आणि जाड जाळीच्या गाळणीने गाळते, म्हणजे थोडा गर रसात उतरतो. मधुमेह असेल तर अख्खं फळच बरं. एक वर्षाखालच्या बाळाला रस देऊ नये. ग्रेपफ्रूटचा रस कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणाम वाढवतो, तेव्हा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

‘रस लगेच प्या, नाहीतर जीवनसत्त्वं उडून जातात’ असं सर्रास सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. काठोकाठ भरलेल्या बंद काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, संत्र्याच्या रसातलं क जीवनसत्त्व दिवसभरात फारसं कमी होत नाही. आधी बिघडते ती चव. जंतूंचा प्रश्न मात्र खरा आहे, कारण घरचा रस उकळलेला नसतो. बाहेर दोन तासांहून जास्त राहिलेला रस मी टाकून देते, आणि फ्रिजमधला २४ तासांत संपवते. गाळणी मात्र त्याच क्षणी धुवायची. चोथा जाळीत वाळला की ब्रशनेही निघत नाही आणि पुढच्या रसाला आंबूस वास येतो.